पौल नावाचा तंबूवाला

निरगुडी

पौल म्हणजे संत पॉल, येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला प्रचारक. त्याची गोष्ट सांगायला बसलं की सगळे दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर पडलेल्या प्रकाशापासून सुरुवात करतात. मी मुद्दाम एका दुकानापासून सुरू करतेय.

ग्रीसमधलं करिंथ, साल साधारण इ.स. ५०. दोन बंदरांच्या मध्ये वसलेलं पक्कं बाजाराचं शहर. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये ते जमीनदोस्त केलं आणि शंभर वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये, ज्युलियस सीझरच्या हुकमाने पुन्हा वसवलं. त्यामुळे तिथे खानदानी कमी आणि नशीब काढायला आलेले जास्त. त्यातच अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे ज्यू नवरा-बायको. सम्राट क्लौद्याने ज्यूंना रोममधून हुसकावलं तेव्हा हे दोघे इथे येऊन पोटापाण्याला लागले होते. धंदा तंबू करण्याचा. पौलही त्याच धंद्यातला. तो त्यांच्याकडेच उतरला आणि त्यांच्याबरोबर कामाला बसला.

तंबू चामड्याचे की शेळीच्या केसांच्या कापडाचे, यावर अभ्यासकांत दुमत आहे. पौल किलिकियातल्या तार्सचा (आजचा दक्षिण तुर्कस्तान), आणि तो प्रांत शेळीच्या केसांच्या जाड कापडासाठी प्रसिद्धच होता. काहीही असो, या धंद्याचं सामान एका झोळीत मावतं : सुरी, आरी, दाभण, दोरा. गाव बदललं तरी काम अडत नाही. दुकानात बसलेल्या माणसाकडे दिवसभर लोक येतात, काम होईपर्यंत थांबतात, बोलतात. पौल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चौकात हात उंचावून भाषण देणारा माणूस येतो. माझ्या मते त्याचा बराचसा प्रचार मान खाली घालून, टाके घालता घालता झाला असणार.

आता यातली मेख. त्या काळच्या प्रतिष्ठितांच्या लेखी हातकाम म्हणजे हलकं काम. तत्त्वज्ञान सांगणारा एक तर फी घ्यायचा, नाही तर कुणा धनिकाच्या घरी आश्रयाला राहायचा. करिंथमधल्या खात्यापित्या मंडळींना पौलाला पोसायला आवडलं असतं. हा नाही म्हणाला. बरं, फिलिप्पैच्या लोकांनी पाठवलेले पैसे त्याने घेतले होते! करिंथकरांना ते झोंबलं. दुसऱ्या पत्रात तो त्यांना उपरोधाने विचारतो की तुम्हाला फुकट उपदेश केला हे माझं पाप झालं का. थेस्सलनीकाच्या लोकांनाही आठवण करून देतो की तुमच्यावर भार नको म्हणून आम्ही रात्रंदिवस राबलो.

पौलाबद्दल आपल्याकडे मुख्य साधनं दोन. एक त्याची स्वतःची पत्रं, दुसरं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, जे परंपरेनुसार लूकने लिहिलं. कृत्ये वाचायला झकास आहे : दंगली, तुरुंग, भूकंप, वादळ, सगळं. पण ते नंतर लिहिलेलं. पत्रं आधीची, आणि खुद्द माणसाची. नव्या करारात (बायबलच्या ख्रिस्ती भागात) त्याच्या नावावर १३ पत्रं आहेत, त्यांतली ७ त्याचीच यावर जवळजवळ एकमत आहे : रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला. उरलेल्यांवर वाद. तीमथ्य आणि तीताची पत्रं नंतरच्या कुणी त्याच्या नावाने लिहिली असं बहुतेक अभ्यासक धरतात.

पत्रांतून दिसणारं आयुष्य थोडक्यात असं. कट्टर परुशी (धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातला). येशूच्या अनुयायांचा छळ करणारा, आणि हे तो स्वतःच कबूल करतो. मग त्याला ख्रिस्ताचं दर्शन झालं. पत्रांत यावर जेमतेम एखादी ओळ येते. प्रकाश, आंधळेपण, त्याला दृष्टी परत देणारा हनन्या हे सगळं कृत्यांमधलं. त्यानंतर तो यरुशलेमला (जेरुसलेमला) पळत गेला नाही. अरबस्तानात गेला, दिमिष्कात परतला, तीन वर्षांनी यरुशलेमला जाऊन पेत्राकडे (येशूच्या प्रमुख शिष्याकडे) १५ दिवस राहिला. पुन्हा यरुशलेमला गेला तो १४ वर्षांनी. म्हणजे ज्या पौलाला आपण ओळखतो तो, पत्रं लिहिणारा पौल, पन्नाशीच्या दशकातला. त्याआधीची पंधराएक वर्षं जवळजवळ अंधारातच.

दिमिष्कातून तो पळाला ती हकीकत मात्र दोन्हीकडे आहे. वेशीवर पहारा, म्हणून तटाच्या खिडकीतून त्याला पाटीत बसवून दोराने खाली सोडलं. पौल स्वतः सांगतो की पहारा अरीतास राजाच्या सुभेदाराचा होता. हा नबाती (पेट्राच्या अरब राज्याचा) राजा अरीतास चौथा, तो इ.स. ४० च्या सुमारास वारला. म्हणजे पाटीचा प्रसंग त्याआधीचा.

तारखांचा दुसरा खुंटा करिंथचाच. कृत्यांत म्हटलंय की ज्यू पुढाऱ्यांनी पौलाला गल्लियो या सुभेदारापुढे ओढलं आणि त्याने 'तुमच्या धर्मातली भांडणं तुम्हीच मिटवा' म्हणून सगळ्यांना हाकललं. हा गल्लियो म्हणजे तत्त्ववेत्ता सेनेकाचा भाऊ. ग्रीसमधल्या डेल्फीला क्लौद्याच्या पत्राचा शिलालेख तुकड्यांत सापडला, त्यात गल्लियोचं नाव आहे, आणि त्यावरून त्याची कारकीर्द इ.स. ५१-५२ च्या आसपास ठरते. बाकी सगळं कालगणित यावरून पुढे-मागे मोजतात.

आणि आता माझी सगळ्यांत आवडती जागा. करिंथमध्ये तट पडलेत, मी अमक्याचा, मी तमक्याचा. पौल पहिल्या पत्रात चिडून म्हणतो की बरं झालं, क्रिस्प आणि गायस सोडून मी तुमच्यापैकी कुणाचाच बाप्तिस्मा केला नाही. मग त्याला आठवतं की अरे, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता. मग म्हणतो, त्याखेरीज आणखी कुणाचा केला असेल तर मला आठवत नाही. पत्र तो तोंडी सांगायचा, लेखक उतरून घ्यायचा (रोमकरांच्या पत्राच्या लेखकाने, तर्त्याने, शेवटी स्वतःचाही नमस्कार घुसवलाय). खोडून पुन्हा लिहिण्याची तसदी कुणी घेतली नाही. दोन हजार वर्षांनी आपल्याला त्या खोलीतलं बोलणं जसंच्या तसं ऐकू येतं.

गलतीकरांचं पत्र तर निव्वळ संताप. इतर पत्रांच्या सुरुवातीला असतात तसे आभारसुद्धा नाहीत. नव्या ज्यूएतर अनुयायांनी सुंता केलीच पाहिजे असं सांगणाऱ्यांना तो म्हणतो की त्यांनी पुढे जाऊन स्वतःचं सगळंच कापून टाकावं. शेवटी लेखणी स्वतः हातात घेतो आणि म्हणतो, बघा किती मोठ्या अक्षरांत लिहितोय.

मार किती खाल्ला त्याचीही यादी त्यानेच दिलीय : ज्यूंकडून पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं, एक दिवस-रात्र समुद्रात. गंमत अशी की कृत्यांत छड्या एकदाच येतात, आणि जहाज फुटण्याची कथा येते ती ही यादी लिहून झाल्यानंतरची. म्हणजे किती गोष्टी कथेत आल्याच नाहीत बघा.

यरुशलेममधली अटक आणि रोमचा प्रवास इथे लिहीत नाही, लेख आधीच लांबलाय. प्रतिसादांत बोलू.

खडूफळा

मस्त लेख. एक शंका : घोड्यावरून पडला ते कुठे आहे? लहानपणापासून चित्रात बघतोय.

निरगुडी

@खडूफळा, कुठेच नाही. कृत्यांत दर्शनाची हकीकत तीनदा येते (अध्याय ९, २२, २६), तिन्हीकडे तो फक्त जमिनीवर पडतो. घोडा चित्रकारांचा. काराव्हाज्जोने रोमच्या सांता मारिया देल पोपोलो चर्चसाठी काढलेल्या चित्रात तर घोड्यानेच अर्धी चौकट अडवलीय. आणि त्याच ओघात : 'धर्म बदलला म्हणून शौलचा पौल झाला' हेही तसंच. त्याला दोन्ही नावं होती, एक ज्यू वापरातलं, एक रोमन. कृत्यांत दर्शनानंतरही चार अध्याय तो शौलच आहे.

आगरवाडी

आमच्या वसईकडे २५ जानेवारीला पौलाच्या परिवर्तनाचा सण असतो आणि २९ जूनला पेत्र-पौल दोघांचा मिळून. चर्चमधल्या मूर्तीत पेत्राच्या हातात किल्ल्या, पौलाच्या हातात तलवार. लहानपणी वाटायचं की हा लढवय्या संत असणार. तलवार त्याचा शिरच्छेद झाला म्हणून, हे फार उशिरा कळलं.

गोव्यात २९ जूनला होडीवाले सांगोड करतात, होड्या एकमेकींना बांधून त्यावर मंच, गाणी, नाटुकली. दिवस दोघांचा, पण सगळा जल्लोष पेत्राचा, कारण तो मासे पकडणारा. तंबूवाल्याला कोण विचारतो!

पण नावाचा मान त्याला गोव्यात वेगळ्या जागी मिळाला. जुन्या गोव्यातलं जेझुइटांचं (एका कॅथलिक धर्मसंघाचं) कॉलेज संत पौलाच्या नावाचं, इतकं की तिथे जेझुइटांनाच 'पावलिस्त' म्हणत. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये तिथेच उभा राहिला. आज त्या कॉलेजची एक कमान तेवढी उभी आहे.

टोकदार

लेख चांगला, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीय. येशू हा गालीलातला ज्यू उपदेशक. त्याचा वेगळा धर्म काढला तो पौलाने, ज्याने येशूला हयातीत पाहिलंही नव्हतं. तंबूबिंबू ठीक आहे हो.

निरगुडी

@टोकदार, हे मत जुनं आहे आणि त्यात काहीतरी तथ्य आहेच, म्हणून तर दोनशे वर्षं टिकलंय. पण पत्रं वाचताना तीन गोष्टी आड येतात. 'ख्रिस्ती' हा शब्द पौल एकदाही वापरत नाही. तो स्वतःला इस्राएली, बन्यामिनाच्या वंशाचा असंच म्हणवतो. आणि येशू मेला, पुरला, उठला हे सांगताना तो स्पष्ट म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. म्हणजे श्रद्धेचा गाभा त्याच्या आधीचा.

त्याने केलं ते वेगळंच, आणि तितकंच मोठं. ज्यूएतरांना आधी ज्यू व्हायला न लावता आत घेतलं. यावरून सीरियातल्या अंत्युखिया शहरात पेत्राशी वाजलं. पेत्र आधी ज्यूएतरांबरोबर जेवत होता. याकोबाकडची (यरुशलेमच्या मंडळीच्या पुढाऱ्याकडची) माणसं आली तशी त्याने पंगत सोडली, आणि पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा पेत्राच्या बाजूने गेला, हे पौलाला जास्त लागलेलं दिसतं. कोण कुणाच्या पंगतीला बसतो यावरून धर्माची दिशा ठरते, हे मराठी वाचकाला निराळं समजावून सांगायला नको.

टोकदार

पंगतीचा मुद्दा मान्य. 'संस्थापक' हा शब्द मागे घेत नाही, 'दिशा देणारा' एवढ्यावर तडजोड करतो.

चिंचगुळ

बायकांनी सभेत गप्प बसावं हे याचंच ना? आणि गुलामांनी धन्याचं ऐकावं हेही? मग कौतुक कशाचं चाललंय इथे?

निरगुडी

@चिंचगुळ, प्रश्न रास्त आहे. गुलामांनी आज्ञेत राहावं ही वचनं बहुतांशी वादग्रस्त पत्रांतली आहेत. 'बायकांनी गप्प बसावं' हे मात्र करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, १४ व्या अध्यायात आहे. पण त्याच पत्रात तीन अध्याय आधी बायकांनी सभेत प्रार्थना करताना डोकं झाकावं असं म्हटलंय. म्हणजे बोलत होत्याच! काही जुन्या हस्तलिखितांत गप्प बसण्याची ही वचनं अध्यायाच्या शेवटी टाकलेली आहेत, म्हणून ती मागाहून घुसली असं बऱ्याच जणांना वाटतं. सगळ्यांना नाही.

रोमकरांच्या पत्राचा शेवट बघा. हे सात हजार शब्दांचं पत्र फिबी नावाच्या, करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीच्या (चर्चच्या) सेविकेच्या हाती गेलं असं बहुतेक जण मानतात. प्रिस्किल्लाचं नाव तो तिथे नवऱ्याच्या आधी घेतो. युनिया नावाच्या बाईला प्रेषितांमध्ये नावाजलेली म्हणतो. पुढे कित्येक शतकांनी भाषांतरकारांनी तिला पुरुष करून टाकलं.

गुलामगिरीबद्दल मात्र त्याला वाचवता येत नाही. अनेसिम नावाच्या गुलामाला त्याने धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवलं. 'गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घे' हे लिहिलं, पण 'सोडून दे' असे सरळ शब्द नाहीत. अमेरिकेत गुलामांच्या मालकांनीही हेच पत्र दाखवलं आणि गुलामगिरीच्या विरोधकांनीही हेच.

चिंचगुळ

उत्तर पटलं असं नाही, पण टाळलं नाहीस हे आवडलं. युनियाचं माहीत नव्हतं.

उंबरठा

अटकेबद्दल मी लिहितो, कारण त्या प्रकरणातला दगड पाहिलाय. यरुशलेमच्या मंदिरात ज्यूएतरांना बाहेरच्या अंगणापर्यंतच मुभा होती. पुढे कमरेएवढा कठडा आणि त्यावर ग्रीक पाट्या : परक्याने आत येऊ नये, पकडला गेला तर स्वतःच्या मरणाला तोच जबाबदार. पौलाने इफिसच्या त्रोफिमला आत नेलं असा बोभाटा झाला आणि जमाव तुटून पडला. यातली एक अख्खी पाटी १८७१ मध्ये सापडली, ती इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. चुनखडीचा दगड, सात ओळी, अक्षरं ठसठशीत, शब्दांच्या मध्ये जागाच नाही. ग्रीक येत नसलं तरी बोट ठेवून एकेक अक्षर लावता येतं. खाली नेहमीचा छोटा फलक, लोक न थांबता पुढे जातात.

कटाक्षाने सांगायची गोष्ट म्हणजे, तो त्या वेळी यरुशलेमला आला होता तो ग्रीसमधल्या मंडळ्यांनी तिथल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी घेऊन.

शिडावरचा

बोटीवर नोकरी केलेला माणूस म्हणून कृत्यांचा २७ वा अध्याय मी निव्वळ प्रवासवर्णन म्हणून वाचतो. कैसरियात दोन वर्षं कैद, मग पौल कैसराकडे (रोमन सम्राटाकडे) दाद मागतो, म्हणून त्याला रोमला धाडतात. आलेक्सांद्रियाचं जहाज, पोटात गहू, माणसं २७६. ज्यूंच्या वार्षिक उपासाचा दिवस उलटून गेलेला, म्हणजे शरद ऋतू, भूमध्य समुद्रातला हंगाम संपत आलेला. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची नाही, तसा तिकडे शरदानंतर शीड उभारायचं नाही. पौल सांगतो, इथेच थांबा. कप्तान आणि मालक ऐकत नाहीत, पहाऱ्यावरचा रोमन अधिकारी, शताधिपती, त्यांचं ऐकतो.

मग ईशान्येचं वादळ. जहाजाभोवती खालून दोर आवळून बांधतात, फळ्या सुटू नयेत म्हणून. सामान फेकतात. चौदाव्या रात्री खोली मापतात तर वीस वाव, थोडं पुढे पंधरा वाव. लगेच पिछाडीकडून चार नांगर. पिछाडीकडून का, तर पुढून टाकले असते तर जहाज गरकन फिरून वाऱ्याला आडवं झालं असतं. हे लिहिणारा एक तर त्या जहाजावर होता, नाही तर त्याने कुणा खलाशाला नीट विचारलं होतं. मिलिता (माल्टा) बेटावर जहाज फुटलं, माणूस एकही गेला नाही.

खडूफळा

@शिडावरचा, यावर वेगळा धागा काढा.

प्रश्न : तो रोमन नागरिक होता म्हणतात, मग छड्या कशा खाल्ल्या? आणि शेवट काय झाला? कृत्ये तर अर्धवटच संपतात.

निरगुडी

नागरिकत्व फक्त कृत्यांत आहे, पत्रांत चकार शब्द नाही. छड्या ही रोमन शिक्षा, आणि नागरिकाला ती द्यायची नाही असा कायदा. म्हणून काहींना नागरिकत्वाचीच शंका आहे. मला ती फार भक्कम वाटत नाही. गावोगावचे अंमलदार कायदा बघून मारत नसतात.

कृत्ये संपतात तेव्हा तो रोममध्ये, भाड्याच्या घरात, पहाऱ्याखाली, दोन वर्षं लोकांना भेटतोय. पुढे सम्राट नीरोच्या काळात, साधारण ६४ ते ६७ च्या दरम्यान, शिरच्छेद झाला ही परंपरा. रोमच्या तटाबाहेर ओस्तियाच्या रस्त्यावर त्याची कबर मानतात, तिथे मोठं बॅसिलिका आहे. जुनी इमारत १८२३ च्या आगीत गेली, आताची नंतर बांधलेली. वेदीखाली दगडी शवपेटी आहे. तिला बारीक भोक पाडून आतले हाडांचे कण तपासले, ते पहिल्या-दुसऱ्या शतकातले निघाले असं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये जाहीर केलं. हाडं पौलाचीच हे त्यावरून सिद्ध होत नाही, पण विरोधातही जात नाही.

त्याला जायचं होतं स्पेनला. रोमकरांच्या पत्रात तसं लिहिलंय आणि वाटखर्चाला हातभार लावा असंही आडून सुचवलंय.

पानसुपारी

ताई, बायबल कधी उघडलेलं नाही. एकच पत्र वाचायचं तर कुठलं? करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय, प्रीतीवरचा, तो लग्नपत्रिकेत वाचलाय.

निरगुडी

@पानसुपारी, फिलेमोनाला लिहिलेलं. मराठीत पानभर आहे, चहा निवायच्या आत होईल. अनेसिम परत येतोय, तो तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या नावावर मांड, मी पौल हे माझ्या हाताने लिहितोय, मी फेडीन. आणि लगेच : तू तर तुझा अख्खा जीवच मला देणं लागतोस, ते मी काढत नाही! मग जाता जाता, माझ्यासाठी राहायची खोली तयार ठेव, मी येतोय. हा माणूस तेव्हा तुरुंगात होता. ते झालं की गलतीकरांस घे, पण आधी @चिंचगुळशी भांडून घे, म्हणजे रंगेल.